बोलीचे मोल : संकेतस्थळावरील मराठी नियतकालिक आणि जाहिरातींचा लिलाव

१

भारतीय भाषांतील नियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपण संपादकांची, लेखकवर्तुळांची आणि वाङ्मयीन वादांची नोंद काळजीपूर्वक घेतो. जाहिरातींच्या पानांची मात्र घेत नाही. ग्रंथालयांनीही या बाबतीत आपली सोय पाहिली आहे. जुन्या मासिकांचे अंक बांधणीस पाठविताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि त्यांच्या लगतची जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी होती. परिणामी एखाद्या अंकाचा खर्च कोणी सोसला हे शोधू जाणाऱ्या अभ्यासकाच्या हाती केवळ वाङ्मय लागते.

वस्तुतः या देशातील छापील नियतकालिकाचा जन्मच जाहिरातीच्या सोबतीने झाला आहे. २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या 'बेंगॉल गॅझेट'चे दुसरे नाव 'कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' असे होते. मराठीपुरते बोलावयाचे तर काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आजतागायत चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातदारांवाचून एक वर्षही टिकली नसती. 'किर्लोस्कर' मासिकाची कथा तर याहून बोलकी आहे. १९२० साली ते 'किर्लोस्कर खबर' या नावाने एका कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून निघाले आणि शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली त्याचे एका महत्त्वाच्या मराठी मासिकात रूपांतर झाले. म्हणजे तेथे वाङ्मयाच्या पोटी जाहिरात आली नाही. जाहिरातीच्या पोटी वाङ्मय आले.

हा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय भाषांतील लहान वाङ्मयीन नियतकालिके मोठ्या संख्येने संकेतस्थळांवर गेली आहेत, आणि तेथे त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न नव्या परिभाषेत उभा राहिला आहे. कागदाचा व टपालाचा खर्च सुटला. परंतु जुने अंक टंकून घेणे, मुद्रिते तपासणे, यंत्रजागेचे वार्षिक भाडे भरणे आणि जमल्यास लेखकास मानधन देणे हे खर्च राहिलेच. वर्गणी भरून संकेतस्थळ वाचण्याची सवय आपल्या वाचकाला नाही. उरते ती जाहिरात. संपादकाला पहिला सल्ला मिळतो तो असा : एकाच जाहिरात-जाळ्यावर, म्हणजे व्यवहारात ज्याला अ‍ॅड नेटवर्क म्हणतात त्यावर, विसंबू नका, अनेक जोडा, उत्पन्न वाढेल. हा सल्ला कितपत खरा आहे, कोणत्या अटींवर खरा आहे आणि वाङ्मयीन नियतकालिकाने तो किती मानावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वाङ्मयाच्या अभ्यासकास परका वाटेल. तथापि आपल्या वाङ्मयाच्या पुढील इतिहासाचा बराचसा भाग या व्यवहारावर उभा राहणार असल्यामुळे त्याची यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे.

२

संकेतस्थळावरील जाहिरातीचा आरंभ सामान्यतः २७ ऑक्टोबर १९९४ या दिवसापासून मानतात. त्या दिवशी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळाने आडव्या पट्टीच्या जाहिराती प्रथम दाखविल्या. त्या मासिकातील जाहिरातींप्रमाणेच आगाऊ बोलून ठरविलेल्या होत्या : अमुक कंपनी, अमुक जागा, अमुक मुदत, अमुक रक्कम. पुढे पानांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक जागेसाठी असे बोलणे अशक्य झाले आणि जागेचा मालक व जाहिरातदार यांच्यामध्ये मध्यस्थ उभे राहिले. हीच जाहिरात-जाळी. २००३ साली गूगलने 'अ‍ॅडसेन्स' सुरू केले, तेव्हा लहानातल्या लहान संकेतस्थळालाही या बाजाराचे दार उघडले. पानावरील मजकूर यंत्राने वाचावयाचा, त्यातील शब्दांवरून विषय ओळखावयाचा आणि त्याला अनुरूप जाहिरात तेथे पाठवावयाची, असे त्याचे मूळ स्वरूप होते. पुढे मजकुरापेक्षा वाचकाकडे, म्हणजे तो कोठे राहतो, यापूर्वी काय पाहत होता याकडे, अधिक लक्ष जाऊ लागले.

एकच जाळे जोडले असता काय होते? जागा रिकामी झाली की ते जाळे आपल्याजवळच्या जाहिरातदारांत लिलाव करते, आपली अडत कापून घेते आणि उरलेली रक्कम संकेतस्थळास देते. अ‍ॅडसेन्समध्ये हा वाटा दीर्घकाळ ६८ टक्के होता. २०२४ च्या आरंभापासून हिशेबाची रीत बदलली आहे आणि पैसे जाहिरातीवर बोट ठेवण्याबद्दल नव्हे तर ती दिसण्याबद्दल मिळतात. परंतु संकेतस्थळाच्या पदरात पडणारा वाटा सरासरीने तेवढाच राहील असे कंपनीने त्या वेळी जाहीर केले होते. संपादकाला मिळालेला भाव दिसतो. किती गिऱ्हाइके आली होती आणि दुसऱ्या बाजारात काय भाव मिळाला असता, हे त्याला दिसत नाही.

म्हणून दुसरे जाळे जोडावयाचे. यासाठी रूढ झालेली पहिली पद्धत व्यवसायातील मंडळी वॉटरफॉल या नावाने ओळखतात. मराठीत तिला उतरंड म्हणणे अधिक नेमके होईल. पूर्वानुभवावरून सर्वांत चांगला सरासरी भाव देणारे जाळे पहिले, त्याखाली दुसरे, त्याखाली तिसरे. जागा प्रथम पहिल्याला दाखवावयाची. त्याने नाकारली तर दुसऱ्याला. त्यानेही नाकारली तर तिसऱ्याला. जागा रिकामी जाण्याचे प्रमाण यामुळे घटते, हा तिचा खरा लाभ. तिचा दोष मात्र तिच्या रचनेतच आहे. क्रम लागतो तो मागील महिन्याच्या सरासरीवरून आणि विकावयाची असते ती या क्षणाची एक जागा. तिसऱ्या क्रमांकाच्या जाळ्याकडे आज या विशिष्ट वाचकासाठी दुप्पट भाव देणारा जाहिरातदार असला तरी त्याला विचारण्याची पाळीच येत नाही.

२०१४-१५ च्या सुमारास संकेतस्थळांच्या मालकांनी यावर तोड काढली. जागा विक्रीस निघण्यापूर्वीच सर्व जाळ्यांना एकदम विचारावयाचे, साधारण एक-दीड सेकंदाची मुदत द्यावयाची आणि येईल ती सर्वांत मोठी बोली स्वीकारावयाची. हिला हेडर बिडिंग म्हणतात, कारण ती पानाच्या शीर्षभागी असलेल्या सूचनांतून चालते. २०१५ साली यासाठी 'प्रीबिड' ही खुली व विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली.

महाराष्ट्रातील कृषी बाजाराशी परिचय असणाऱ्यास हे स्थित्यंतर मुळीच नवे वाटणार नाही. अडत्या आणि व्यापारी यांनी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवावा आणि मालाच्या धन्याने त्या रुमालाकडे पाहत उभे राहावे, ही हत्ता पद्धत आपल्या बाजारांतून चालत असे. तिच्या जागी सर्वांसमक्ष उघडा लिलाव यावा, हा १९६३ च्या कायद्याने घडविलेल्या बाजार समित्यांच्या नियमनाचा एक हेतू होता. उतरंडीकडून एकवेळच्या लिलावाकडे जाणे म्हणजे रुमाल बाजूला करणे होय. येथे 'लिलाव' हा शब्दही आपण पोर्तुगिजांकडून घेतला आहे याची आठवण द्यावीशी वाटते. आणि 'बोली' हा शब्द तर लिलावातील देकार व लोकांची भाषा हे दोन्ही अर्थ सहज वाहतो. या लेखात दोन्ही अर्थांचा संबंध पुढे येणारच आहे.

अनेक बोलणारे असावेत याचे आणखी एक, अधिक तांत्रिक, कारण आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने (आडनावाचा मराठी अर्थ हा निव्वळ योगायोग समजावा) १९६१ साली ज्या लिलावप्रकाराची मीमांसा केली, त्यात सर्वांत मोठी बोली जिंकते, पण द्यावी लागते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी रक्कम. जाहिरातींचा बाजार पुष्कळ वर्षे याच तत्त्वावर चालला. तेथे दुसरा बोलणारा नसेल तर पहिल्याची उदारता व्यर्थ जाते. २०१९ साली गूगलच्या जाहिरात-विनिमयानेही जिंकणाऱ्याने आपली स्वतःची बोली द्यावी ही रीत स्वीकारली. तरी वस्तुस्थिती फारशी पालटली नाही, कारण स्पर्धा नाही असे दिसताच खरेदीदारांची यंत्रे आपली बोली आपोआप खाली आणतात. म्हणून लिलावात जिला आपल्याकडे सरकारी बोली म्हणतात, म्हणजे जिच्याखाली माल सुटत नाही, ती ठरवून देणे कोणत्याही पद्धतीत आवश्यक आहे. ती फार उंच धरली तर जागा रिकामी जाते, फार खाली धरली तर नसल्यासारखीच. संपादकाने ती महिन्या-दोन महिन्यांनी थोडी हलवून पाहावी, यापलीकडे तिचे शास्त्र नाही.

३

आता हिशेब करून पाहू. पुढील आकडे कोणत्याही संकेतस्थळाचे नव्हेत. ते केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत.

एका त्रैमासिकाची पाने महिन्यात १,००,००० वेळा उघडली जातात व प्रत्येक पानावर जाहिरातीच्या ३ जागा आहेत असे धरू. विक्रीस निघालेल्या जागा ३,००,००० झाल्या. पहिले जाळे त्यांपैकी ७० टक्के जागा दर हजारी २० रुपयांनी घेते; उत्पन्न ४,२०० रुपये. उतरंडीत दुसरे जाळे जोडले आणि उरलेल्या ९०,००० जागांपैकी निम्म्या त्याने दर हजारी १२ रुपयांनी घेतल्या, तर आणखी ५४० रुपये येतात. एकूण ४,७४०. दुसरे जाळे जोडण्याचा लाभ एवढाच असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

परंतु वाचक एकजिनसी नाहीत. या ३,००,००० जागांपैकी ५ टक्के, म्हणजे १५,००० जागा, न्यू जर्सी, लंडन वा सिंगापूर येथील मराठी वाचकांसमोर येतात असे धरा. त्यांच्यासाठी पहिले जाळे दर हजारी ६० रुपये देते, तर दुसरे १५० रुपये द्यावयास सिद्ध आहे. उतरंडीत पहिल्याची पाळी आधी येते, म्हणून जागा ६० रुपयांनी जाते. दोघांना एकदम विचारले असते तर दर हजारी ९० रुपये, म्हणजे या १५,००० जागांवर १,३५० रुपये अधिक मिळाले असते, आणि एकूण उत्पन्न ६,०९० रुपयांवर गेले असते. वाढीचा मोठा भाग रिकाम्या जागा भरण्यातून आला नाही. सरासरीखाली दडलेले दूरचे वाचक वेगळे ओळखले गेले, त्यातून आला. अनेक जाळ्यांविषयीच्या सल्ल्यात जे तथ्य आहे ते हे. गिऱ्हाइके अनेक असणे पुरत नाही. ती एकाच वेळी, एकाच मालासमोर उभी असावी लागतात.

४

यापुढे मात्र सल्ला लंगडा पडू लागतो, आणि तो देणारे सहसा येथेच थांबतात.

पहिली अडचण अशी की जाळ्यांची संख्या म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या नव्हे. जाळी परस्परांचा माल पुन्हा विकतात. एकच साबणवाला पाच जाळ्यांतून त्याच जागेवर बोली लावताना दिसू शकतो. पाच अडत्ये ओरडत असतात, मागे व्यापारी एकच. यात भाव वाढत नाही, अडती मात्र वाढतात. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण संस्थेकडून करविलेल्या २०२० च्या पाहणीत असे आढळले की जाहिरातदाराने खर्च केलेल्या रकमेपैकी संकेतस्थळापर्यंत पोहोचणारा भाग ५१ टक्के होता आणि सुमारे १५ टक्के रक्कम कोठे गेली याचा माग लागला नाही. ही पाहणी मोठ्या जाहिरातदारांची व मोठ्या प्रकाशकांची होती. लहान त्रैमासिकाच्या जागेला जितके हात लागतात तितका तिचा वाटा आणखी झिजतो, असे समजण्यास हरकत नाही.

२०१७ पासून 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची एक साधी यादी संकेतस्थळावर ठेवण्याची प्रथा पडली आहे. आपला माल विकण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यांपैकी प्रत्यक्ष विक्रेता कोण व पुनर्विक्रेता कोण, हे तिच्यात लिहावयाचे असते. कोणत्याही संकेतस्थळाची ही यादी कोणालाही वाचता येते. अभ्यासकांनी गंमत म्हणून एखाद्या मोठ्या वृत्तपत्राची यादी उघडून पाहावी. शेकडो ओळींची ती वंशावळ पाहिल्यावर या बाजारात मध्यस्थ किती आहेत हे वेगळे सांगावे लागणार नाही. लहान संपादकासाठी मी सुचवीन की या यादीत प्रत्यक्ष विक्रेत्यांच्याच ओळी असाव्यात आणि त्या बोटांवर मोजण्याइतक्याच असाव्यात.

दुसरी अडचण वेळेची. प्रत्येक जाळे पानावर आपली आज्ञावली चढविते आणि ती वाचकाच्या यंत्रावर चालते. शहरातील वेगवान जोडणीवर हे जाणवत नाही. खेड्यात, जुन्या मोबाइलवर, पान उघडण्यास लागणारा विलंब वाचकाला परत पाठवितो. वरच्याच उदाहरणात यामुळे वाचन १० टक्के घटले तर ६,०९० रुपयांतून ६०९ रुपये गेले. रकमेपेक्षाही, जे वाचक गेले ते कोण, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. न्यू जर्सीचा वाचक जात नाही. जातो तो गडचिरोलीचा.

तिसरी अडचण क्षुल्लक वाटते, पण लहान संकेतस्थळांना तीच सर्वाधिक भोवते. जाळी किमान रक्कम साठल्याशिवाय पैसे पाठवीत नाहीत. अ‍ॅडसेन्सची ही मर्यादा १०० डॉलर आहे, म्हणजे आजच्या विनिमयदराने आठ-नऊ हजार रुपये. वरच्या उदाहरणातील त्रैमासिकाला एकाच जाळ्यातून ही रक्कम साठण्यास दोन महिन्यांहून अधिक लागतात. तेच उत्पन्न पाच-सहा जाळ्यांत विखुरले तर प्रत्येकाकडे थोडी थोडी रक्कम अडकून राहते, आणि एखादे जाळे बंद पडले तर ती बुडते. भांडवल ज्याच्यापाशी आहे त्याला विखुरणे परवडते. ज्याला महिन्याचे भाडे महिन्यात भरावयाचे आहे त्याला नाही. एखादी मध्यस्थ संस्था अनेक जाळ्यांची बोली एकत्र घेऊन पैसे मात्र एकाच खात्यातून देते, तेव्हा ही अडचण टळते. पण त्या संस्थेचाही वाटा असतोच.

आणि ज्या बाजारात ही सारी धडपड चालते त्याचे तराजू कोणाच्या हाती आहेत? अमेरिकेतील संघीय न्यायालयाने १७ एप्रिल २०२५ रोजी असा निर्णय दिला की प्रकाशकांना लागणारी जाहिरात-वितरणाची यंत्रणा आणि जाहिरात-विनिमय या दोन्ही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी चालविली. आपल्याकडे वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्येच चौकशीचा आदेश दिला होता. एकाच कंपनीचा अडत्या, एकाच कंपनीचा काटा आणि लिलावाचे आवारही तिचेच, अशी ही स्थिती आहे. तिच्यात स्पर्धक जाळी जोडणे हे लहान संपादकाच्या हाती असलेले बहुधा एकमेव साधन आहे, हेही न्यायाने मान्य केले पाहिजे.

५

आतापर्यंत आपण भाषेचा विचार बाजूस ठेवला होता. तुलनाकाराच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच आहे.

भारतीय भाषांच्या दोन याद्या आपल्या परिचयाच्या आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. साहित्य अकादेमी २४ भाषांतील वाङ्मयास मान्यता देते. जाहिरात-जाळ्यांनी तिसरी यादी निर्माण केली आहे आणि ती या दोहोंहून पुष्कळ तोकडी आहे. यंत्राला जी भाषा वाचता येते, म्हणजे जिच्यातील मजकुराची छाननी करता येते आणि जिच्यात जाहिरातदार मिळतात, तीच या यादीत येते. अ‍ॅडसेन्समध्ये हिंदीचा समावेश २०१४ च्या अखेरीस झाला. बंगालीचा २०१७ मध्ये, तमिळचा २०१८ मध्ये, आणि मराठीची पाळी त्यानंतर आली. तोवर मराठी संकेतस्थळाने जाहिराती दाखविणे नियमाबाहेर होते. अनेक मराठी संकेतस्थळांनी ती वर्षे अक्षरशः पदरमोड करून काढली, ही गोष्ट जालावरील मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कोठेतरी नोंदविली गेली पाहिजे. ज्या भाषा अद्याप यादीबाहेर आहेत त्यांच्या संपादकांना अनेक जाळ्यांचा सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे.

यादीत आल्यानेही मोल ठरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. लिलावात त्यामुळे एक पैसाही वाढला नाही, आणि वाढण्याचे कारणही नव्हते. तेथे बोली लागते ती मजकुरावर नव्हे, तर तो वाचणाऱ्याच्या खरेदीच्या ऐपतीवर. तीच कथा, तोच परिच्छेद, तीच जागा. वाचक परदेशी असला तर एक भाव, परभणीचा असला तर दुसरा. छापील दिवाळी अंकात असे नव्हते. तेथे मलपृष्ठाचा दर एकच असे आणि अंक कोणाच्या हाती पडला यावरून तो बदलत नसे. जाहिरातदार अंकाची प्रतिष्ठा विकत घेत असे. आता तो वाचक सुटा करून विकत घेतो.

देवनागरीचे म्हणून एक उपकथानक आहे. मराठी व हिंदी यांची लिपी एक असल्यामुळे यंत्राची गल्लत होते आणि मराठी लेखाभोवती हिंदी जाहिराती गोळा होतात. पानाच्या मूळ सूचनेत भाषेचे सांकेतिक नाव, मराठीसाठी 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे, लिहिणे हा यावरचा सोपा उपाय आहे. अनेक संपादक तो करीत नाहीत, कारण ते अक्षर वाचकाला दिसत नाही. कोकणीसारख्या भाषेला, जिची वाङ्मयनिर्मिती एकाहून अधिक लिप्यांत होते, या गल्लतीचा जाच किती होत असेल याची कल्पना करावी.

६

महाराष्ट्राबाहेरील एका शहरातून निघणाऱ्या एका मराठी त्रैमासिकाशी माझा काही वर्षे सल्लागार म्हणून संबंध आहे. त्याचे संपादक निवृत्त शिक्षक आहेत. संकेतस्थळ सुरू झाल्यावर त्यांनी प्रथम एकच जाळे जोडले होते. पुढे एका मध्यस्थ संस्थेच्या सांगण्यावरून त्यांनी ही संख्या सहावर नेली. या निर्णयास माझी संमती होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

पहिल्या दोन महिन्यांत उत्पन्न वाढले. तिसऱ्या महिन्यात विदर्भातील एका जुन्या वर्गणीदाराचे पोस्टकार्ड आले. त्या अंकात कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरातील एका रात्रीवर कथा होती. कथेतील बाप विहिरीच्या काठाशी जातो त्या परिच्छेदानंतर, पाच मिनिटांत कर्ज मिळवून देणाऱ्या एका अ‍ॅपची जाहिरात दिसली. तिच्याखाली कथा पुढे उघडेना. आणि उघडली तेव्हा पुन्हा तीच जाहिरात होती. पत्रात संताप नव्हता. ही जाहिरात आपण मुद्दाम दिली आहे काय, एवढेच त्यांनी विचारले होते.

यंत्राच्या दृष्टीने कोठेही चूक झाली नव्हती. त्याने पान वाचले, 'कर्ज' हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा आढळला, आणि त्या शब्दावर सर्वांत मोठी बोली लावणारे गिऱ्हाईक त्याने आणून उभे केले. सहा जाळ्यांची स्पर्धा जशी व्हावयास हवी तशीच झाली होती. बोली या शब्दाचे दोन अर्थ त्या एका पानावर असे समोरासमोर आले. कथालेखकाने वऱ्हाडी बोलीत जे लिहिले होते, त्यातलाच एक शब्द उचलून लिलावाची बोली लागली होती.

कर्ज व तत्सम वर्गांच्या जाहिराती अडविण्याची सोय जाळ्यांत असते. ती वापरावी तर उत्पन्नातील सर्वांत भरीव भागच जातो, कारण भारतीय वाचकासाठी चांगला भाव देणाऱ्यांत हीच मंडळी पुढे होती. शिवाय सहा जाळ्यांत सहा वेळा, सहा निरनिराळ्या नावांखाली असलेले वर्ग शोधून अडवावे लागले. एका जाळ्यात ही सोय पुरेशी नव्हती, म्हणून ते सोडावे लागले. त्याच्याकडे साठलेली रक्कम किमान मर्यादेखाली होती, ती मिळाली नाही. संपादकांनी दोन आठवडे हिशेबाच्या वहीत आकडे मांडले. एका बाजूस जुन्या अंकांच्या टंकलेखनाचा खर्च होता, दुसऱ्या बाजूस ते पोस्टकार्ड.

शेवटी जी व्यवस्था ठरली ती अशी. कथा व कविता यांच्या पानांवर लिलावाची एकही जागा ठेवावयाची नाही. अनुक्रमणिका, जुन्या अंकांची सूची, पुस्तकांची पोच आणि शोधाचे पान येथे दोन जागा. त्यांसाठी दोनच जाळी, दोघांना एकदम विचारावयाचे आणि सरकारी बोली ठरवून द्यावयाची. युरोपातील वाचकांसाठी तेथील कायद्याप्रमाणे संमतीची चौकट. कर्ज, जुगारसदृश खेळ आणि चमत्कारी औषधे हे वर्ग दोन्ही जाळ्यांत बंद. या रचनेत सहा जाळ्यांच्या मानाने उत्पन्न निम्म्याच्याही खाली आले. एका जाळ्याच्या मूळ उत्पन्नाहून मात्र ते थोडे अधिक आहे, कारण सूचीच्या पानांवर येणारे बरेच वाचक परदेशी विद्यापीठांतील आणि तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील असतात. पाने पुन्हा वेगाने उघडतात.

तुटीसाठी संपादकांनी दिवाळी अंकाचा जुना मार्ग धरला. मुखपानावर एक जागा राखून ठेवली आणि ती लिलावात न काढता वर्षाच्या बोलीने द्यावयाची असे ठरविले. शहरातील एक मुद्रणालय, एक सहकारी पतपेढी आणि एक मिठाईचे दुकान यांना त्यांनी पत्रे लिहिली. पतपेढीचे उत्तर आले नाही. मिठाईवाल्याने केवळ दिवाळीचा महिना मागितला. मुद्रणालयाने उरलेले अकरा महिने घेतले. दर फोनवर ठरला, आणि पैशांची पावती संपादकांनी टपालाने पाठविली.